बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्याचे सर्व्हर कुंपणाआत : प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२४

३ जुलै, बुधवार

सोमवारी ओपनएसएसएचमधलं (दूरून सर्व्हर चालवायच्या प्रोग्राममधलं) भगदाड जाहीर झालं (सीव्हीई-२०२४-६३८७). पासवर्ड नको, चावी नको, चिकाटीने दार ठोठावत राहिलं तर थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, हाती लागू शकतो, अशा जातीचं. आमच्या सर्व्हरच्या डेबियन १२ (लिनक्स) वर नेमकी त्याच टप्प्यातली आवृत्ती होती. दुरुस्ती त्याच संध्याकाळी चढवली, त्यात काही विशेष नाही.

विशेष आहे ते पुढे. हे मशीन बाहेरून दिसतं तरी का, हे बघायला राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान, म्हणजे बाहेरून आत यायला कुठली दारं (पोर्ट) उघडी आहेत त्याची यादी, उघडलं. एसएसएचचा २२ होता. हिशेबाच्या विंडोज मशीनचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ ऐवजी ३३८९० वर काढलेला होता. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर होता, ईआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) होतं, आणि एक नोंद अशा पत्त्याची की तिथे आज कुठलंच मशीन नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) चालवून पाहिलं, सगळं उघडं. ३३८९० केल्याने लपेल अशी कोणाची तरी समजूत असावी. पोर्ट चाळणारे बॉट सगळे आकडे चाळतात. हिशेबाच्या मशीनवर विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ (फसलेलं लॉगिन) गाळून पाहिलं तर यादी खाली सरकवता सरकवता कंटाळा आला. नावं ठरलेली: अ‍ॅडमिन, टॅली, अकाउंट्स, युजर१. यातलं एक नाव आमच्याकडे खरोखरच आहे.

शेठना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "अंदर आव्यो छे कोई?" तसं काही दिसलं नाही. पण ३३८९० आजच बंद करा म्हटलं तर रात्री घरून काम करणाऱ्यांचं काय? तिथून हे काम सुरू झालं. माणशी दर महिन्याला पैसे घेणाऱ्या तयार सेवांचे भाव काढले होते. शेठ म्हणाले, भाडं नको, एकदाचं काय लागेल ते सांग. म्हणून सगळं स्वतःच्या मशीनवर, खुल्या सॉफ्टवेअरवर.

८ जुलै, सोमवार

अजून काहीही बसवलेलं नाही. आधी यादी. डावीकडे माणसं, वर मशीनं, चौकटीत "रोज", "महिन्यातून", "कधीच नाही". हुद्द्यावरून भरायला घेतली होती, ती टाकून दिली आणि प्रत्येकाच्या टेबलाशी उभं राहून पुन्हा भरली. दोन्ही यादी एकमेकींशी जुळत नाहीत.

काय निघालं: टॅलीत हिशेबाचे चौघं. त्यातले दोघं महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास घरून रात्री बसतात, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायला. सीएच्या ऑफिसातली आर्टिकलची मुलं, सगळी मिळून एकाच खात्याने. सीएनसी (संगणकाने चालणारं) मशीन दुरुस्त करणाऱ्या बाहेरच्या इंजिनिअरला डिझाइनच्या सर्व्हरवर पूर्ण मुभा, कारण कधीतरी एकदा एक फाइल ठेवायची होती. आणि नोकरी सोडून केव्हाच अहमदाबादला गेलेल्या माणसाचं खातं जिवंत, पासवर्ड तोच.

हे वाचून कोणी असलं काम काढणार असेल तर सॉफ्टवेअर उतरवण्याआधी हा कागद करा. माझा जास्तीत जास्त वेळ यातच गेला आणि पुढची सगळी कॉन्फिगरेशन या कागदाची नक्कल आहे. दुसरं, १०, ११, १९ आणि २० तारखेला कशालाही हात लावायचा नाही. हे मी कॅलेंडरवर लाल करून ठेवलंय.

१३ जुलै, शनिवार

काय वापरायचं ते ठरलं. दूरून आत यायची वाट देणारं टेलिपोर्ट चाळलं, आमच्या आकाराला जड. त्याच कामाचं हेडस्केल घरी चालवून पाहिलं आणि आवडलं, नियम एका फाइलमध्ये, फोन पटकन जोडले जातात. पण त्याने माणसाला मशीनपर्यंत वाट मिळते, आणि मला हिशेबाच्या मशीनपर्यंत कोणाच्याही लॅपटॉपची वाटच नको होती. वाट असली की त्या लॅपटॉपमधला व्हायरसही त्याच वाटेने जातो.

म्हणून तीन थर. वायरगार्ड हा बोगदा (व्हीपीएन, इंटरनेटवरून गुप्त वाट), बाहेर उघडा असलेला एकुलता एक पोर्ट, यूडीपी ५१८२०. ओळख न पटलेल्या पाकिटाला (नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) तो उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. पण वायरगार्डला माणसं कळत नाहीत, फक्त चाव्या कळतात. म्हणून दुसरा थर ऑथेलिया: नाव, पासवर्ड आणि मोबाइलवरचा सहा आकडी कोड. तिसरा अपाची ग्वाकामोली, जो रिमोट डेस्कटॉप ब्राउझरमध्ये दाखवतो. माणसाच्या हाती फक्त चित्र येतं आणि कळा दाबता येतात; फाइल नेणं-आणणं आणि क्लिपबोर्ड मी बंद करू शकतो. या सगळ्यांच्या पुढे एनजिनएक्स, म्हणजे आलेली विनंती आधी घेऊन योग्य जागी पाठवणारा वेब सर्व्हर.

हे सगळं एका सेकंडहँड मिनी पीसीवर, १६ जीबी मेमरी, अठरा हजारांच्या आसपास. मशीनचं नाव ठेवलं 'देवडी'. जुन्या वाड्यात आत जाणारा प्रत्येक जण देवडीवरून जायचा, तसंच.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

अर्धं ऑफिस उपासाला, दुपारी साबुदाण्याची खिचडी, काम निवांत झालं. वायरगार्ड उभं राहिलं. माझ्या घरून चाललं, हिशेबाच्या काकूंच्या घरून नाही. जोडलंय असं दाखवतं, हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) ताजा आहे, पण सर्व्हर उघडत नाही.

कारण साधं आहे आणि तरी बराच वेळ खाऊन गेलं. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.x. काकूंच्या घरच्या राउटरचंही तेच. त्यांचा लॅपटॉप १९२.१६८.१.१० शोधायला घरातच फिरतो, बोगद्यात शिरतच नाही. माझ्या घरचा राउटर १९२.१६८.२९.x देतो, म्हणून मला दिसलंच नव्हतं.

सरळ उपाय म्हणजे ऑफिसचे सगळे पत्ते बदलणं. प्रिंटर, हजेरीचं यंत्र, कॅमेरे, सीएनसीचे कंट्रोलर, सगळ्यांचे. नको. उलट विचार केला: बोगद्यातून ऑफिसचं नेटवर्क द्यायचंच कशाला? आता प्रत्येकाच्या कॉन्फिगमध्ये 'अलाउड आयपीज' (बोगद्यातून जायचे पत्ते) एकच, १०.७७.०.१/३२, म्हणजे देवडी. पुढचं सगळं देवडी स्वतः आतून आणते. पत्त्यांचं भांडण मिटलं, आणि बोगद्यात शिरलेल्याला देवडीपलीकडे काही दिसतच नाही. अडचण आली नसती तर मी आळसाने पूर्ण नेटवर्क देऊन बसलो असतो.

१९ जुलै, शुक्रवार

आज क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटने जगभर विंडोज मशीनं निळी पडली. शेठचा फोन: आपलं? आपल्याकडे ते सॉफ्टवेअर नाही म्हटलं. बाकी आज काही नाही, उद्या ३बी.

२४ जुलै, बुधवार

फोन आणि लॅपटॉप जोडणं. प्रत्येक उपकरणाला वेगळी चावी, क्यूआरएनकोडने टर्मिनलवरच क्यूआर काढायचा, समोर उभं करून स्कॅन करायचा, फाइल पुसायची.

दोन घोळ. पहिला: काही जणांकडे लॉगिनचं पान उघडतं, पण ईआरपीची मोठी यादी अर्ध्यात अडकते. छोटं जातं आणि मोठं अडकतं म्हटलं की एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. वायरगार्ड १४२० धरतं, मधल्या काही जोडण्यांवर तेवढं मावत नाही आणि 'पाकीट लहान करा' हा निरोप वाटेत कुठेतरी गिळला जातो. बारकावे शोधत बसलो नाही, सगळ्यांना १२८० केलं. वेग किंचित कमी होत असेल, कोणी तक्रार केली नाही.

दुसरा मजेदार. विक्रीच्या एकाची जोडणी दर थोड्या वेळाने तुटायची. देवडीवर पाहिलं तर त्याच्या चावीचा बाहेरचा पत्ता सारखा इकडून तिकडे उडतोय, एकदा सुरत, एकदा बडोदा. त्याने क्यूआरचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर सहकाऱ्याला दिला होता, "त्याचं पण चालू होईल म्हणून". एक चावी दोन ठिकाणी असली की वायरगार्ड ज्याचं पाकीट शेवटचं आलं त्यालाच खरा मानतं, मग दोघंही भांडत राहतात. चावी रद्द, दोघांना वेगवेगळ्या. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. सहकाऱ्याचं नाव माझ्या कागदावर नव्हतं आणि त्याला ईआरपी खरंच लागतं. कागद दुरुस्त केला.

३० जुलै, मंगळवार

ऑथेलिया ४.३८. पासवर्ड साधे फाइलमध्येच, आर्गॉन२आयडीने हॅश करून (मूळ पासवर्ड परत वाचता येत नाही अशा रूपात). चाळीसएक माणसांना एलडीएपी (खात्यांची यादी सांभाळणारा वेगळा सर्व्हर) उभं करायची गरज वाटली नाही.

अडलं तिथे-तिथे:

मोबाइल कोड जोडायच्या आधी ऑथेलिया ईमेलवर एकदाचा कोड पाठवतं. मी मेलचं अजून जोडलं नव्हतं, 'फाइलसिस्टिम' ठेवलं होतं. त्यात मेल जातच नाही, कोड सर्व्हरवरच्या नोटिफिकेशन डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये लिहिला जातो. लोक मेलची वाट बघत बसले. आधी मेल जोडा, मग लोकांना बोलवा.

नियमांचा क्रम. ऑथेलिया वरून खाली वाचतं आणि पहिला जुळला की थांबतं. मी वरती लिहिलं होतं: ऑफिसच्या नेटवर्कातून आलेल्याला नुसता पासवर्ड पुरे. खाली लिहिलं होतं: टॅलीचं पान फक्त हिशेबाच्या गटाला. परिणाम असा की ऑफिसात बसलेला कोणीही, अगदी गोडाऊनचा मुलगाही, आपल्या पासवर्डने टॅलीच्या दारापर्यंत. खालचा नियम वाचलाच जात नव्हता. आता क्रम असा: आधी विशिष्ट पान आणि विशिष्ट गट, मग त्याच पानाला बाकी सगळ्यांना 'डिनाय', मग सैल नियम, आणि मूळ धोरण 'डिनाय'. तपासायला ज्याला कुठेच परवानगी नाही असं एक खोटं खातं करून ठेवलंय. नियम बदलला की आधी त्याने सगळी पानं उघडून बघतो. एकही उघडलं तर गडबड आहे.

घड्याळ. सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि दोन्हीकडची वेळ जुळावी लागते. ऑथेलिया मागचा-पुढचा एकेक कोड चालवून घेतं, त्यापलीकडे नाही. सकाळी अचानक कोणाचाच कोड चालेना. देवडीचं घड्याळ मागे पडलं होतं, कारण बाहेर जाणारं सगळं बंद करण्याच्या उत्साहात मी वेळ आणणारा यूडीपी १२३ सुद्धा बंद केला होता. आता क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) एनआयसी या सरकारी संस्थेच्या समय१ आणि समय२ सर्व्हरवरून वेळ घेतं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात तेच सांगितलंय, तर तेच वापरलं.

ब्राउझरला साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं. देवडी बाहेरून दिसत नाही, म्हणून पोर्ट ८० वरची तपासणी शक्य नाही, डीएनएसमधून (नाव-पत्त्यांच्या नोंदीतून) केली. वाइल्डकार्डच (सगळ्या उपनावांना मिळून एक) घ्या. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत जातं, आणि 'टॅली', 'कॅमेरा' अशी आतली नावं जगाला वाचायला द्यायची हौस कशाला?

४ ऑगस्ट, रविवार

आजची नोंद लांब आहे. या सगळ्या कामातला सर्वात धोकादायक प्रकार आज सापडला.

ग्वाकामोली डॉकरमध्ये, म्हणजे स्वतंत्र बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालतं. लोकांना दोनदा लॉगिन नको म्हणून त्याचं हेडरवालं एक्स्टेन्शन चालू केलं: ऑथेलियाने ओळख पटवली की एनजिनएक्स 'रिमोट-युजर' या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) नाव पाठवतं आणि ग्वाकामोली ते खरं मानतं. पासवर्ड विचारत नाही. हेडरमध्ये जे नाव असेल, तो माणूस.

हे ठीक आहे, जोवर ग्वाकामोलीपर्यंत पोहोचायला एनजिनएक्सशिवाय वाट नाही. देवडीवर यूएफडब्ल्यू (फायरवॉल) होतं, वेबचा ४४३, एसएसएच आणि ५१८२० सोडून सगळं बंद, स्टेटसमध्येही तसंच दिसत होतं. मी निर्धास्त.

दुपारी सहज स्टोअरच्या पीसीवरून देवडीचा ८०८० उघडून पाहिला. ग्वाकामोली समोर. फायरवॉलला न जुमानता. मग कर्लने (हाताने विनंती पाठवायच्या साधनाने) हेडरमध्ये 'ग्वाकअ‍ॅडमिन' लिहून पाठवलं, आणि मी प्रशासक. पासवर्ड नाही, कोड नाही. म्हणजे ऑफिसच्या वायफायवर बसलेला पाहुणासुद्धा एका ओळीत हिशेबाच्या मशीनवर. ३ जुलैला निदान पासवर्ड तरी विचारला जात होता!

का झालं: डॉकरमध्ये पोर्ट बाहेर काढला की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ पाकीट-नियमांत) स्वतःचे नियम घालतं आणि ती पाकिटं यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत येतच नाहीत, आधीच वळवली जातात. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नाही, त्याला फक्त माहीत नसतं. हे डॉकरच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे, वाचतो कोण.

दुरुस्ती एका जागी न करता चार जागी केली:

ग्वाकामोली, त्याचा डेटाबेस आणि ऑथेलिया यांचा एकही पोर्ट बाहेर काढायचा नाही. एनजिनएक्सही त्याच डॉकर नेटवर्कात, ते आतल्या आत बोलतात. एकट्या एनजिनएक्सचा ४४३ बाहेर, तोही फक्त १०.७७.०.१ आणि देवडीच्या ऑफिसातल्या पत्त्यावर.

बाहेरून कोणी 'रिमोट-युजर' हेडर घेऊन आला तरी एनजिनएक्स ते फेकून ऑथेलियाने दिलेलंच नाव लावतं. कर्लने तपासलं.

'ग्वाकअ‍ॅडमिन' हे मूळ खातं पुसलं. त्याचा पासवर्डही सुरुवातीला तेच नाव असतो, हे सगळ्या जगाला माहीत आहे.

हिशेबाच्या मशीनवर विंडोज फायरवॉलमध्ये ३३८९ फक्त देवडीच्या पत्त्यावरून. हे नसतं तर ऑफिसातला कोणीही देवडीला वळसा घालून थेट रिमोट डेस्कटॉपने जाऊ शकला असता आणि वरचं सगळं शोभेचं ठरलं असतं.

संध्याकाळी सेव-उसळ खाऊन परत आलो आणि स्टोअरच्या त्याच पीसीवरून पूर्ण एनमॅप पुन्हा चालवला. आता प्रत्येक बदलानंतर तो चालवतो. देवडीवर बसून तपासण्यात काही अर्थ नाही, पलीकडून तपासावं लागतं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

अकरा तारीख गेली, हिशेबाचा विभाग देवडीवर आणला. सुरक्षेबद्दल एक शब्द कोणी काढला नाही. तक्रार कीबोर्डची.

काकू टॅलीत कंट्रोल-एन दाबतात, खाली कॅल्क्युलेटर येतो, बोटांना वर्षानुवर्षांची सवय. ब्राउझरमध्ये कंट्रोल-एन म्हणजे नवी खिडकी, आणि ते ब्राउझर कोणत्याच पानाला अडवू देत नाही. एफ५, एफ८ वगैरे ग्वाकामोली पकडतं, ते ठीक आहेत. पण कंट्रोल-एनवर दर वेळी कोरी खिडकी समोर येते आणि काकू माझ्याकडे बघतात. उपाय मिळाला: क्रोममध्ये ते पान 'अ‍ॅप' म्हणून बसवायचं. वेगळ्या खिडकीत, टॅब नसलेलं उघडलं की हे शॉर्टकट पानाकडे जातात. डेस्कटॉपवर आयकॉन ठेवला, नाव दिलं 'टॅली'. तेव्हापासून ब्राउझर आहे हे कोणाच्या लक्षातही नाही.

छपाई: ग्वाकामोलीचा आभासी प्रिंटर पीडीएफ करून डाउनलोड करायला देतो. एक पाऊल जास्त. काकू म्हणाल्या, "चालेल, पण पूर्वी सरळ निघायचं." खरंय, पूर्वी सरळ निघायचं.

सीएच्या मुलांना वेगवेगळी खाती दिली, ३० सप्टेंबरपर्यंतच चालणारी, आणि त्यांच्या सत्रांचं रेकॉर्डिंग चालू. हे त्यांना आधी सांगितलंय. न सांगता करू नये.

२२ ऑगस्ट, गुरुवार

राउटरवरच्या पोर्ट फॉरवर्डच्या सगळ्या नोंदी काढल्या, ५१८२० तेवढा ठेवला. हॉटस्पॉटवरून एनमॅप: काही नाही.

दारं बंद केल्यावर कोण ओरडतं हे बघत बसलो. कॅमेऱ्यांसाठी शेठ ओरडले (फोनवर वायरगार्ड दिलं, पंधरा मिनिटांत गप्प). पण एक माणूस अजिबात ओरडला नाही, आणि तो रोज रात्री घरून काम करतो हे कागदावर आहे. मग देवडीवर त्याचं नाव का नाही? त्याच्या पीसीवर दूरून चालवायचं फुकटातलं एक अ‍ॅप, आपोआप सुरू होणारं, ठरलेल्या पासवर्डसह. असली अ‍ॅप आतून बाहेर जोडणी करतात, राउटरवर पोर्ट उघडावा लागत नाही, त्यामुळे एनमॅपला कधीच दिसणार नाहीत. मग सगळे पीसी पालथे घातले. त्या एकट्याकडेच नव्हतं, आणखी काहींकडेही होतं. काढली, त्या सेवांची नावं डीएनएसमध्येही अडवली. कोणाला बोल लावला नाही: ज्यांना घरून काम करायला कोणी रीतसर वाट दिली नव्हती, त्यांनी आपापली काढली होती. आता प्रत्येकाला देवडीवर खातं आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

या आठवड्याची नोंद एकदम लिहितोय. सोमवारी जन्माष्टमीला पाऊस सुरू झाला तो थांबेचना, मंगळवारी विश्वामित्री नदी शहरात शिरली. काळ्या घोड्याच्या पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या वर, अर्धं बडोदं पाण्यात, लोकांच्या अंगणात मगरी. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यापुढे माझी रड काहीच नाही. तरी या वहीत ती हवी, कारण घरून काम करायची व्यवस्था म्हणून हे उभं केलं होतं आणि ज्या आठवड्यात ती लागली त्याच आठवड्यात ती आडवी झाली.

ऑफिसात पाणी आलं नाही. लाइट गेली, यूपीएस संपला, देवडी बंद. लाइट आल्यावर देवडी उठलीच नाही, कारण बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर बंदच राहा' असं होतं. मांजलपूरहून मकरपुरा एरवी जवळ, पण रस्ते बंद. चौकीदारभाईंना व्हिडिओ कॉलवर घेऊन "पेलु नानु काळु बॉक्स" दाबायला लावलं.

उठली, वायरगार्ड जोडलं गेलं, पण पान उघडेना. आतून पाहिलं तर एनजिनएक्स पडलेलं. मी त्याला १०.७७.०.१ वर बांधलं होतं, तो पत्ता वायरगार्ड सुरू झाल्यावरच जन्माला येतो, आणि डॉकर त्याच्या आधी सुरू झालं. पत्ताच नाही, म्हणून कंटेनर मेला. ४ ऑगस्टच्या दुरुस्तीचं हे बाळ. सिस्टिमडीमध्ये (मशीन सुरू होताना सेवा उठवणाऱ्या प्रोग्राममध्ये) डॉकरला 'वायरगार्डनंतर' अशी अट घातली. यापूर्वी मी देवडी पूर्ण बंद करून चालू करून कधी बघितलीच नव्हती, सेवा तेवढ्या रीस्टार्ट करत होतो. वीजच काढून तपासायला हवं होतं.

आणि मग फायबर तुटला. ऑफिसात पर्यायी म्हणून मोबाइल डोंगल आहे, तो चालू झाला, बाहेर जाणारं सगळं चालू. पण मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, बाहेरून आत येणारी जोडणी तिथे पोहोचूच शकत नाही. देवडी जिवंत, इंटरनेट जिवंत, आणि आत यायला वाट नाही. पगाराच्या यादीसाठी हिशेबाच्या एकाने शेवटी ऑफिसजवळ राहणाऱ्या मशीनिस्टला फोन करून लॅपटॉप मागवला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, महिना सहाशेच्या घरात. आता सगळ्यांचे बोगदे तिथे जातात, आणि देवडी स्वतः आतून बाहेर त्याला जोडते, २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा निरोप) ठेवून. फायबर असो, डोंगल असो, देवडीला बाहेर पडता आलं की झालं. ऑफिसच्या राउटरवरचा ५१८२० सुद्धा बंद केला; ऑफिसच्या पत्त्यावर आता एकही पोर्ट उघडा नाही.

व्हीपीएसवर बोगदा उलगडतो आणि पुन्हा बांधला जातो, म्हणजे तो दुसऱ्याच्या मशीनवर क्षणभर उघडा असतो. पण आत ब्राउझर ते देवडी टीएलएस (वेगळं गुप्तीकरण) आहेच आणि त्याची चावी देवडीवरच. व्हीपीएसवर नियम एकच: लोकांच्या पत्त्यांवरून फक्त देवडीचा ४४३, एकमेकांकडे काहीही नाही. माझ्या लॅपटॉपला तेवढा एसएसएच.

उद्या गणपती. बायोस बदलला, वीज काढून दोनदा तपासलं, उठते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन झालं, लॉगकडे वळलो. सर्ट-इनच्या त्याच निर्देशात लॉग १८० दिवस आणि भारतातच ठेवायला सांगितलंय, आणि घटना घडली तर सहा तासांत कळवायचं. डेबियनमध्ये एनजिनएक्सचे लॉग मुळात १४ दिवसांनी पुसले जातात. डॉकरचे उलट: मर्यादाच नाही, डिस्क भरेपर्यंत वाढत जातात. एक वाढवलं, दुसऱ्याला लगाम घातला. वायरगार्ड स्वतः कोण कधी आला हे लिहितच नाही, म्हणून दर मिनिटाला शेवटचे हँडशेक टिपणारी छोटी स्क्रिप्ट. सगळं रात्री दुसऱ्या मशीनवर जातं, जिथे देवडीला फक्त लिहिता येतं, पुसता येत नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

नवरात्र सुरू, संध्याकाळी सहानंतर ऑफिसात कोणी सापडणार नाही.

खर्च: मिनी पीसी अठरा हजारांच्या आसपास, यूपीएसची नवी बॅटरी, व्हीपीएस महिना सहाशे, डोमेन आधीचंच. सॉफ्टवेअर शून्य. वेळेचा हिशेब शेठनी मागितला नाही, मीही दिला नाही.

सीएच्या मुलांची खाती ३० तारखेला आपोआप बंद झाली. १ तारखेला फोन आला, ऑडिटची मुदत वाढलीय, उघडून द्या. नावं विचारली, तर तिघांतली दोन बदललेली. जुनी तशीच उघडून दिली असती तर पुन्हा एक खातं तिघांत फिरलं असतं. नवी काढून दिली.

राहिलेलं: सीएनसीवाल्या इंजिनिअरचा प्रश्न. त्याला कंट्रोलरपर्यंत थेट पोहोचावं लागतं, ब्राउझरमधून होत नाही, आणि त्याची कंपनी आपल्या लॅपटॉपवर वायरगार्ड बसवू देत नाही. सध्या तो आला की मी शेजारी बसतो. देवडीची बदली म्हणून दुसरा मिनी पीसी मागितलाय. शेठ म्हणाले दिवाळीनंतर. तोवर कॉन्फिगची प्रत आणि देवडीचा मूळ पासवर्ड बंद पाकिटात त्यांच्या तिजोरीत आहे.